देवाची बाटली

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. श्रीखंड-पुरी झाली. अण्णा आले नाहीत. घाटकोपरहून मुलुंडला यायचं तर काय लागतं? फोनवर म्हणाले, "पाय ठणकतोय रे बाळ." पाय ठणकतो हे खोटं नाही. रक्तातल्या साखरेने हिवाळ्यात डाव्या पायाचं एक बोट नेलं. पण न येण्याचं कारण पाय नाही, हे मला माहीत आहे, सुलभाला माहीत आहे, आणि फोनवर कण्हणाऱ्या थोरल्या भावालाही माहीत आहे.

कारण गेल्या गणपतीतलं. पंगत बसलेली, पानं वाढलेली. विनयने सगळ्यांसमोर स्वतःच्या बापाच्या पानातले मोदक उचलले. "बाबा, तुम्हाला नाही." पोरगा काळजीपोटीच वागला, त्याला काय बोलणार. पण अण्णा भरल्या पानावरून उठले. मुळात हा गणपती त्यांच्या घरचा. वहिनी गेल्या तेव्हा आमच्याकडे आला. स्वतःच्या गणपतीसमोरून उपाशी उठलेला माणूस. तेव्हापासून आमच्याकडे पाणीसुद्धा उभ्या उभ्या पितात.

श्रीखंडाचं पातेलं झाकताना सुलभा म्हणाली, "यंदा अण्णा आपल्या पंगतीला बसणार."
"ते कसे?"
"बघू."
हिचं 'बघू' म्हणजे ठरलेलं असतं.

७ एप्रिल
आमच्या लेकीने, मधुराने, पवईहून ऑफिसमधून येताना तीन रोपं आणली. स्टीव्हिया. नर्सरीवाला गोड तुळस म्हणतो. दिसायला अगदीच सामान्य. मी एक पान तोंडात टाकलं. आधी नुसतं गवत. मग एकदम गोड, आणि ते गोड काही जाईना. वर चहा प्यायलो तरी ते तिथेच, पाहुणा उंबऱ्यात उभा राहून बोलत बसावा तसं.
सु. म्हणाली, "साखर नाही, गूळ नाही, आणि गोड आहे. अजून काय पाहिजे?"
मी म्हटलं, गोडाची चव पाहिजे. दुर्लक्ष.

२७ एप्रिल
खिडकीच्या ग्रिलमधून माझी खुर्ची हद्दपार. तिथे आता कुंड्या. शेंडे खुडले की झाड आडवं फुटतं, खुडलेला शेंडा मातीत खोचला की त्याचं नवीन रोप. तिघांची डझनभर झाली. हे हिला कुणी शिकवलं नाही. फोनवर थोडं पाहते, बाकी झाडाकडेच बघत बसते. मी आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात रेघा मारल्या, पण एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ बघत राहणं मला कधी जमलं नाही.

४ मे
पहिला प्रयोग. पानं चहासारखी खळखळून उकळली. हिरवट, कडू काढा. माझ्या चहात चमचाभर टाकला. मी म्हटलं, वाट लागली. सु.ने पातेलं घासून टाकलं. रागावली असती तर बरं, मला काहीतरी बोलता आलं असतं.

१० मे
मधुराने मोबाइलवर कृती दाखवली. पानं व्होडकात भिजवायची म्हणे, मग अर्क छान उतरतो, महिनोन्महिने टिकतो.
सु.: "गणपतीच्या नैवेद्यात?"
मधुरा: "अगं आई, नंतर तापवला की दारू उडून जाते."
सु.: "मग गणपती काय, थर्टी फर्स्टला बसवू?"
विषय संपला. पाण्यातच करणार. पाण्यातला अर्क फ्रीजमध्येसुद्धा जेमतेम पंधरवडा टिकतो, म्हणजे गणपतीच्या तोंडावर ताजा करावा लागणार.

१८ मे
आज जमलं. उकळायचंच नाही. पाणी तापवायचं, गॅस बंद, वाळलेली पानं चुरून टाकायची, झाकण. थोड्या वेळाने मलमलीतून गाळायचं. पानं जास्त वेळ राहिली की कडवट उतरतं, कमी राहिली तर पुळकवणी. मग अगदी मंद आचेवर आटवायचं. काकवीच्या रंगाचा अर्क उरतो, छोटी बाटलीभर. थेंब बोटावर घेतला. गोड. निखळ गोड. मागून किंचित ज्येष्ठमध.
चहा प्यायलो. दुसरा मागितला. दुसरा कप देताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

१ जून
मी सुचवलं, अण्णांचे मोदक वेगळे करू, ओळखायला वर लवंग खोचू. बाकीच्यांचे आपले गुळाचे.
सु.ने हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे विनयने केलं तेच आपण करायचं, फक्त लवंग लावून."
"मग?"
"सगळ्यांना तेच मोदक. देवालाही तेच."
"मलासुद्धा?"
"तुम्हाला दोन जास्त."
गुळाच्या सारणासाठी मी वर्षभर थांबतो हे हिला ठाऊक आहे. तरी वाद घातला नाही. तिचं बरोबर होतं आणि मला ते आधी सुचलं नाही, याची जरा लाज वाटली.

८ जून
सु.ने विनयला फोन केला, त्याने डॉक्टरांना विचारलं. वरची पारी तांदळाची, तेव्हा दोन मोदक ठीक, तीन नको. विनय म्हणाला, "काकू, मी त्या दिवशी..." सु. म्हणाली, "तू फक्त जेवायला ये. भूक घेऊन ये."

१५ जून
गूळ नसेल तर सारण धरत नाही, हे आज कळलं. मोदक फोडला की खोबरं भुगा होऊन पडतं. सु.ने दूध आटवून घट्ट केलं, भाजलेली खसखस वाटून घातली, वेलची जास्त. आता धरतं.
पण मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती माझ्या डोक्यात आज आली. ही नैवेद्य चाखत नाही. कधीच नाही. माझ्या आईचं शिकवणं: देवाच्या आधी कुणाची जीभ लागायची नाही. इतकी वर्षं मीठ, गूळ सगळं हाताच्या अंदाजाने, आणि एकदाही चुकलेलं मला आठवत नाही. पण तो अंदाज गुळाचा. या अर्काची तिच्या हाताला ओळखच नाही.
म्हटलं, यंदा चाखून बघ, देव समजून घेईल.
"देव समजून घेईल हो. मला नाही जमणार."

६ जुलै
म्हणून आता दर रविवारी बिनदेवाचे मोदक. हे नैवेद्याचे नाहीत, त्यामुळे चाखायला मुभा. चाखणारा मी. पहिल्या रविवारी फिके. दुसऱ्या रविवारी इतके गोड की कानशिलं बधिर झाली. आज बऱ्यापैकी. मधुरा म्हणाली, "बाबा, तू एवढा आज्ञाधारक कधीपासून?"
सांगितलं नाही, पण या रविवारांची मी वाट बघतो. सु. मोदक पुढे ठेवते आणि माझ्या तोंडाकडे बघते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायची तशी.

१३ जुलै
पानं वाळेनात. पंख्याखाली ठेवली, काळी पडली. पेपरात गुंडाळली, बुरशी. शेवटी फ्रीजच्या डोक्यावर, चाळणीत, वर जुन्या ओढणीचं फडकं. तिथे ऊब असते. हिरवीच्या हिरवी वाळली. कुंड्यांची मुळं कुजू नयेत म्हणून ग्रिलला छत्री बांधली. माझी छत्री. दूध आणायला मी डोक्यावर पिशवी घालून गेलो. वॉचमन हसला. हसू दे.

२७ जुलै
नवीन घोटाळा. पावसातली पानं फिकी. उन्हाळ्यातल्या अर्काचं माप लागू पडत नाही. म्हणजे प्रत्येक वेळचा अर्क वेगळा, आणि ऐनवेळचा चाखायचा नाही.
इथे माझी ड्रॉइंग ऑफिसातली अक्कल कामाला आली. म्हटलं, एकाच पातेल्यातलं आधी थोडं वेगळ्या बाटलीत गाळून घे. ती आपली, चहात घालून चाखायची, तिच्यावरून माप ठरवायचं. उरलेलं गाळशील ती देवाची. तिला जीभ लागलीच नाही.
सु.ने दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. "यात खोट नाही काही," म्हणाली. मग, "कामाचं बोललात."
चाळीस वर्षांत हे वाक्य मी मोजक्या वेळा ऐकलंय. म्हणून लिहून ठेवतो.

१५ ऑगस्ट
घाटकोपरला अण्णांकडे. दोघं गेलो. पाय स्टुलावर, पट्टी. खाली सोसायटीत झेंडावंदनाची गाणी चाललेली. खूप उतरलेत. हसले मात्र नेहमीसारखे.
सु.ने सरळ विषय काढला. "अण्णा, गणपतीला जेवायला यायचं."
"दर्शनाला येईन."
"जेवायला."
पायाकडे बघत म्हणाले, "सुलभा, माझ्या पानाकडे चार जण बघत बसणार. याने काय घेतलं, किती घेतलं. घास उतरत नाही गं तेव्हा."
"सगळ्यांच्या पानात तेच मोदक आहेत. देवाच्या पानातही तेच. कोण कोणाकडे बघणार?"
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
"देवालाही?"
"हो."
 आम्ही निघताना अण्णा दारात म्हणाले, "बघतो."
परत येताना रिक्षात मी म्हटलं, येतील. सु. म्हणाली, "यंदा नाही आले ना, तर पुन्हा येणार नाहीत." तेच माझ्याही मनात होतं. पायाची पट्टी आम्ही दोघांनीही पाहिली होती.

२५ ऑगस्ट
परवा चतुर्थी. झाडांना कळ्या येताहेत, रोज खुडतेय, कळी आली की पान कडू होतं म्हणते. जेवढी चांगली पानं होती तेवढी सगळी काढून वाळवलेली, त्यांचा आज संध्याकाळी अर्क. आमची छोटी बाटली आधी गाळली. चहात घातली. झकास, आतापर्यंतचा सगळ्यात उत्तम. माप ठरलं: वाटीभर खोबऱ्याला दोन चमचे. देवाच्या वाट्याचं पातेलं झाकून ओट्यावर, दोन मिनिटांत गाळते म्हणाली.
तेवढ्यात फोन. अण्णा.
"सुलभा, किती वाजता बसवताय पंगत?"
फोन ठेवून हिने चौरंग पुसला, समया काढल्या, केळीची पानं सांगायला मला बाजारात पिटाळलं, परत येतो तर ही माळ्यावरून वहिनींचं तांब्याचं तबक काढतेय. गुणगुणत होती.

२६ ऑगस्ट
सकाळी स्वयंपाकघरातून काहीच आवाज नाही म्हणून गेलो. सु. पातेल्यासमोर उभी. झाकण हातात. पानं रात्रभर आतच.
गाळलं, आटवलं. काकवीचा रंग नाही, काळपट. वास उग्र.
नवीन करायला पानं नाहीत. छोटी बाटली चहापाण्यात संपलेली, आनंदाच्या भरात मीच दोन कप जास्त मागितले होते.
मी: "चाखून बघ."
"ही देवाची आहे."
"मग मी चाखतो. मी कुठे देव मानतो?"
"तुमची जीभ काय बाहेरची आहे?"
मी गुळाचा डबा काढून ओट्यावर ठेवला. तिने उचलून परत फळीवर ठेवला. अण्णांना शब्द दिलाय.
मग मी चिडलो. बरंच बोललो. की हा हट्ट आहे, एका चमच्याचा प्रश्न आहे, म्हातारा माणूस वर्षाने पानावर बसणार आणि तू त्याच्या तोंडात काय घालणार हे तुलाच माहीत नाही. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "दोन चमच्यांच्या जागी सव्वा घालीन. दूध थोडं जास्त."
दुपारी ती पडली होती तेव्हा मी चमचा घेऊन फ्रीज उघडला. बाटलीचं बूचही काढलं. आणि परत लावलं. देवाची भीती नाही वाटली. उद्या मोदक वळताना ती मनापासून समजणार की याला कुणाची जीभ लागलेली नाही, आणि ते खोटं असणार, एवढंच सहन होईना. चमचा जागेवर ठेवला.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
सगळं लिहितो.
अण्णा आले. विनयचा हात धरून, काठी टेकत, नवं धोतर. आरती त्यांनीच म्हटली, आवाज अजून खणखणीत. सु.ने नैवेद्याचं पान मांडलं, पाणी फिरवलं. माझं लक्ष त्या मोदकांवर. कळ्या सुरेख पडल्या होत्या, नेहमीसारख्या. बघून काहीच कळत नव्हतं.
पंगत बसली. अण्णांना खाली बसवेना, त्यांना टेबल दिलं, तर सु.ने आम्हा सगळ्यांनाच टेबलाशी, नाहीतर खुर्चीत मांडीवर ताट देऊन बसवलं. खाली कोणी नाही. हे तिने आधी बोलूनही दाखवलं नव्हतं.
मोदक फोडला, तूप घातलं, घास घेतला. आधी गोड. मग जिभेच्या मागे कडू. चांगलंच कडू. कडुनिंब नव्हे, पण लपणारंही नाही. मी मधुराकडे पाहिलं. ती पानाकडे बघत चावत होती. विनय चावत होता. प्रसादाला नावं ठेवायची आमच्यात कुणाची टाप नाही. आईने लहानपणी चिमटे काढून शिकवलेलं सगळ्यांच्या अंगात मुरलंय.
अण्णांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी पाहिलं. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले. डोळे मिटले. मग सावकाश तो मोदक संपवला. दुसराही. बोटांवरचं तूपही सोडलं नाही. आणि म्हणाले, "सुलभा, अजून एक वाढ."
विनयचं तोंड उघडलं. डॉक्टरांनी दोनच सांगितले होते. सु. तबक घेऊन उभी, तिने विनयकडे पाहिलं. विनयने एक क्षण विचार केला, मग स्वतःच्या पानातला मोदक मोडला आणि अर्धा बापाच्या पानात ठेवला. "अर्धा तुम्ही, अर्धा मी." गेल्या वर्षी त्याच हातांनी उचलले होते. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तूप लागलं केसांना.
 मी पाणी प्यायलो, डोळ्यांत काही दिसू नये म्हणून बराच वेळ पीत राहिलो.
सु. शेवटी बसली. मी वाढलं तिला. मोदक फोडला, घास घेतला, आणि हात थांबला. मान वर केली. टेबलावर सगळी पानं स्वच्छ. मोदकाचा कणसुद्धा कुणाच्या पानात नाही. ती एकेका पानाकडे बघत गेली, शेवटी अण्णांच्या. मग खाली मान घालून दोन्ही मोदक संपवले.
अशी बाई मी पाहिली नाही. तिच्या हट्टाला काल नावं ठेवली. आज वाटतं, तो हट्ट नसता तर त्या टेबलावर फक्त जेवण झालं असतं.

२८ ऑगस्ट
दीड दिवसाचा गणपती, कृत्रिम तलावात विसर्जन. अण्णा काल इथेच राहिले, रात्री मधुराने त्यांना कुंड्या दाखवून अर्काची सगळी गोष्ट सांगितली. विसर्जनाला खुर्चीत बसून खालपर्यंत आले.
ते घाटकोपरला निघताना सु.ने विचारलंच. "अण्णा, खरं सांगा. कडू होते ना?"
"प्रसाद होता."
"ते झालं. पण कडू होते."
अण्णा हसले. "पानं जरा आधी गाळायची गं." मग, "मला एक फांदी दे त्याची. माझ्याकडे गॅलरीत ऊन भरपूर येतं. पुढच्या वर्षी पानं माझ्याकडची."
सु.ने तीन फांद्या ओल्या फडक्यात बांधून दिल्या. रिक्षा निघाली तेव्हा अण्णांनी ते मांडीवर धरलं होतं.

२१ सप्टेंबर
विनयचा फोन. जखम पुन्हा चिघळली आहे. तीनपैकी दोन फांद्या गेल्या, हेही त्यानेच सांगितलं.
सु. दुपारी नवीन अर्क करत होती. छोटी बाटली, मोठी बाटली. घड्याळाचा गजर लावून बसली होती समोर. मी म्हटलं, आता कशाला, नैवेद्य तर नाही कुठला. म्हणाली, "हात बसायला पाहिजे."

५ ऑक्टोबर
सकाळी अण्णा. मी फोन घेतला तर म्हणाले, सुलभाला दे. स्पीकरवर टाकला.
"सुलभा, त्या तिसऱ्या फांदीला दोन पानं फुटली. एक गळलं. एक आहे."
"त्याला खुडू नका. चाखूही नका. देवाचं आहे ते."
"बरं." मंगळवारी पाय दाखवायचाय, आणखी काढावं लागेल की नाही ते तेव्हा कळेल, हे त्यांनी बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं. आणि विचारलं, "पुढच्या वर्षी गणपती कधी गं?"
मी कॅलेंडर शोधायला उठलो. सु.ला तोंडपाठ होतं.
"पुढच्या वर्षी अधिक महिना आहे अण्णा. उशिरा आहेत, सप्टेंबरात."
"बरं झालं," अण्णा म्हणाले. "झाडाला तेवढाच वेळ मिळेल."